डब्यातले सल्ले आणि हरवलेला फोन

दिवा स्टेशन मागे पडलं आणि सवयीने खिशाशी हात गेला. खिसा रिकामा. पुढच्या पाच मिनिटांत डोंबिवलीहून निघालेल्या त्या लोकलच्या डब्यात मला सहा-सात सल्ले मिळाले, सगळे ठाम आवाजात. ‘गेला तो, विसरा आता.’ ‘आधी सिम बंद करा.’ ‘आयएमईआय द्या पोलिसांना, दोन मिनिटांत नकाशावर दाखवतात.’ ‘सायलेंटवर आहे ना? मग वाजवून काय उपयोग!’ माणसं जीव तोडून सांगत होती. पण निम्मे सल्ले चुकीचे होते आणि उरलेल्यांचा क्रम चुकीचा. त्यातला एक मी लगेच पाळला आणि दिवसभर पस्तावलो.

पहिला गैरसमज माझाच होता: फोन नाही म्हणजे मारला कुणीतरी. पाकीटमारी होतेच, आणि ती डब्याच्या मध्यभागी कमी, दारात चढउतार करताना जास्त होते, कारण तेव्हा धक्का लागला तरी कुणाला काही वाटत नाही. पण फोन आपल्या हातूनही सुटतात. शेअर रिक्षात मागे तिघं दाटीवाटीने बसले की पँटच्या तिरक्या खिशातला फोन आपसूक वर सरकतो आणि उतरताना सीटवर राहतो. लॅपटॉपची बॅग रॅकवर राहते, कारण उतरताना लक्ष दाराकडे असतं. चार्जिंगला लावलेला फोन हॉटेलच्या टेबलावर राहतो. उठण्याआधी मागे वळून जागा बघायची सवय माझ्या आईला होती. एसटीतून उतरताना ती सीटवरून हातसुद्धा फिरवायची, आणि आम्ही हसायचो.

‘हातात घट्ट धरलाय, कोण नेतंय?’ हा दारात उभं राहणाऱ्यांचा आवडता समज. रुळांशेजारी खांबाच्या आडोशाला उभा असलेला चोर दारातल्या माणसाच्या हातावर काठीचा फटका मारतो आणि खाली पडलेला फोन उचलून पळतो. मुंबईत याला ‘फटका गँग’ म्हणतात. तोल जाऊन खाली पडलेल्या प्रवाशांनी यात पाय गमावले आहेत, जीवही गमावले आहेत. इथे फोनची पकड घट्ट असून भागत नाही, मुळात फोन दारात बाहेर काढायचाच नाही. आणि फोन पडलाच तर साखळी ओढायची नाही. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणं हा रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४१खाली गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याऐवजी रुळाकडेच्या विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक बघून ठेवायचा आणि १३९वर किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२वर कळवायचं. ‘कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये कुठेतरी’ असं सांगितलं तर कुणी शोधायला जात नाही. खांबाचा क्रमांक सांगितला तर माणूस थेट तिथे पोहोचतो.

आता माझ्या पस्ताव्याची गोष्ट. शेजारच्याच्या फोनवरून कंपनीला फोन लावून मी सिम बंद करून टाकलं. ओटीपी त्या सिमवर येतात, म्हणून ते बंद करणं गरजेचंच असतं. पण माझ्या फोनचं इंटरनेट त्याच सिमवर चालत होतं. सिम बंद झाल्याबरोबर फोनचा इंटरनेटशी संबंध तुटला, आणि आता त्याला दुरून कुलूप लावा म्हणून सांगणारा निरोप पोहोचायला वाटच उरली नाही. आधी कुलूप, मग सिम, असा क्रम हवा होता, आणि दोन्ही दहा मिनिटांत. गूगलने ऑक्टोबर २०२४मध्ये आणलेल्या सोयीने दुसऱ्याच्या फोनवरून केवळ आपला मोबाइल नंबर टाकून आपल्या फोनचा पडदा बंद करता येतो. पासवर्ड आठवावा लागत नाही. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती हवी, आणि ही सोय फोन हातात असतानाच चालू केलेली असावी लागते.

पासवर्ड मला आठवतही होता. तो टाकल्यावर खात्याने विचारलं, तुमच्या फोनवर आलेला आकडा सांगा. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत! यावर उपाय म्हणजे गूगलच्या खात्यातून आधी मिळवून ठेवायचे राखीव आकडे. ते दहा असतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि ते कागदावर लिहून घरी ठेवायचे असतात. ॲपलवाल्यांना ही अडचण येत नाही. हरवलेला आयफोन शोधण्यापुरतं त्यांचं संकेतस्थळ दुसरा आकडा मागत नाही.

सायलेंटबद्दलचा सल्लाही अर्धाच खरा. साधा कॉल सायलेंटवर वाजत नाही हे खरं. पण गूगलच्या किंवा ॲपलच्या शोध सेवेतून ‘आवाज करा’ म्हटलं की सायलेंटवरचा फोनही ओरडतो. अँड्रॉइड फोन सलग पाच मिनिटं पूर्ण आवाजात वाजतो.

‘बंद केला की संपलं’ हे वाक्य दहा वर्षांपूर्वी खरं होतं. सप्टेंबर २०२१मध्ये आलेल्या आयओएस १५पासून आयफोन ११ आणि बहुतेक नव्या आयफोनांची जागा ते बंद केल्यावरही कळू शकते. बंद फोन ब्लूटूथने बारीकसा संकेत सोडत राहतो आणि जवळून जाणाऱ्या इतर ॲपल फोनांकरवी ती जागा मालकापर्यंत पोहोचते. अँड्रॉइडमध्ये बंद अवस्थेतला शोध मोजक्याच फोनांवर मिळतो, पण इंटरनेट नसलेला चालू फोन मात्र असाच शेजारच्या फोनांकरवी सापडू शकतो. गोम सेटिंगमध्ये आहे. हे जाळं मुळात ‘फक्त गर्दीच्या ठिकाणी’ या पर्यायावर असतं, म्हणजे अनेक फोनांना तो दिसला तरच जागा कळते. दादरला ते पुरतं. गावाकडच्या रस्त्यावर पुरत नाही, तिथे ‘सर्व ठिकाणी’ निवडावं लागतं. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

आयएमईआयबद्दलची श्रद्धा तर अफाट. हा १५ अंकी क्रमांक म्हणजे फोनची जन्मनोंद. *#०६# दाबलं की दिसतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात. तो स्वतःहून कुठलीही जागा कळवत नाही. फोनमध्ये सिम घालून तो मोबाइल जाळ्याला जोडला की कंपनीला क्रमांक दिसतो, एवढंच. दूरसंचार खात्याची सीईआयआर यंत्रणा यावरच चालते. तिची सुरुवात सप्टेंबर २०१९मध्ये मुंबईतून झाली आणि मे २०२३पासून ती ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर देशभर खुली आहे. पोलिसांत तक्रार करून तिची प्रत आणि ओळखपत्र तिथे जोडलं की २४ तासांत तो फोन भारतातल्या सगळ्या कंपन्यांसाठी बंद होतो. नंतर कुणी त्यात सिम घातलं तर माग पोलिसांना कळतो, आपल्याला नाही. नोंदणीचा ओटीपी मोबाइलवरच येतो, म्हणून आधी त्याच नंबरचं नवं सिम घ्यावं लागतं. सीमेपार गेलेला फोन मात्र भारतातल्या काळ्या यादीला जुमानत नाही. क्रमांक बदलून विकणाऱ्यांसाठी दूरसंचार अधिनियम २०२३मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

मला सगळ्यात धोकादायक वाटतो तो समज असा: ‘स्क्रीनलॉक आहे, पैसे सुरक्षित आहेत.’ चोराला पडदा उघडायची गरजच नसते. तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो. त्या सिमवर यूपीआय नव्याने सुरू करून पिन बदलायचा तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका कार्डाचा पिनही मागतात, सगळ्या नाही. आता आपल्यापैकी किती जण फोनच्या कव्हरमागे एटीएम कार्ड ठेवतात ते आठवा. शंभराची नोट, लोकलचा पास आणि कार्ड, तिन्ही एकत्र. मीही ठेवायचो. कार्ड तिथून काढायचं आणि सिमला स्वतःचा पिन लावायचा. तीनदा चुकला की सिम अडतं आणि कंपनीकडून ते उघडणारा पीयूके आकडा घ्यावा लागतो. पैसे गेलेच तर बँकेसोबत १९३०वर लगेच फोन.

आयफोन गेल्यावर काही दिवसांनी ‘तुमचा फोन सापडला’ असा दुव्यासकट संदेश आला तर तो पाठवणारा बहुधा चोरच असतो. कुलूप त्याला उघडता येत नाही, म्हणून तो तुमच्याकडूनच पासवर्ड काढू बघतो. आपल्या खात्यातून तो फोन काढून टाकायचा नाही, तेवढं केलं की त्याच्या हातात काच आणि धातू उरतो.

लॅपटॉपच्या बॅगेत टाकायच्या एअरटॅगसारख्या टॅगमध्ये जीपीएस असतं असं बरेच जण समजतात. नसतं. तोही शेजारच्या फोनांच्या ब्लूटूथवरच जगतो.

माझा फोन सकाळी स्टेशनला आलो त्या रिक्षातच राहिला होता. बंद केलं ते एक सिम. दुसरं, फक्त घरच्यांना माहीत असलेलं, चालू होतं. बायको दुपारी त्यावर सतत फोन करत होती. फोन सायलेंटवरच. संध्याकाळी डोंबिवलीच्या रिक्षा स्टँडवर चालकाने तो हातात दिला आणि म्हणाला, “अहो, वाजला असता तर सकाळीच दिला असता. जेवायला थांबलो तेव्हा सीटच्या फटीत उजेड दिसला म्हणून कळलं.” मी आधी कव्हर उघडून बघितलं. कार्ड होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला कुठे बघावं कळेना.