पातळ फळीची गोलाई अन् बेअरिंगचा आधार

ठाणे, प्रतिनिधी – मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील गणेशभक्तांपुढे प्लायवूड व एमडीएफच्या मखरांचा पर्याय उभा राहिला. ही मखरे दरवर्षी जुळवायची, सुटी करायची आणि माळ्यावर ठेवायची असतात. साहजिकच तीक्ष्ण कडा हाताला लागतात, त्यांचे टवकेही उडतात. जाड फळीच्या कडेला गोलाई देण्याचे काम हातातील राऊटर लीलया करतो. सहा मिलिमीटरच्या फळीवर मात्र तोच राऊटर घात करतो.

कारण पात्याच्या रचनेत आहे. गोलाईच्या पात्याच्या टोकाला छोटे बेअरिंग असते. पाते वरचा कोपरा कापते, तर बेअरिंग खालच्या, न कापलेल्या कडेला टेकून धावते. सहा मिमीच्या फळीला एका बाजूने तीन मिमीची गोलाई दिली की निम्मीच कड सपाट उरते. फळी उलटली की बेअरिंगला टेकायला जागाच राहत नाही. ते आत घसरते आणि कडेला खड्डा पडतो. शिवाय फळी बाकावर सपाट ठेवली, तर बेअरिंग बाकालाच घासते.

यावर उपाय सोपा आहे. मखराच्या भागाखाली त्याच आकाराची जाड टाकाऊ फळी, कडेला कड जुळवून, दुहेरी चिकटपट्टीने चिकटवावी आणि ही जोडी बाकाच्या कडेबाहेर थोडी काढून घट्ट बांधावी. बेअरिंग मग जाड फळीच्या कडेवर धावते आणि पातळ फळी थरथरतही नाही. काम झाल्यावर मात्र फळी हिसकून ओढू नये, प्लायवूडचा वरचा पापुद्रा निघतो. अरुंद पट्टीवर राऊटर कलंडतो. तेथे आधी रुंद फळीच्या कडेला गोलाई देऊन मग पट्टी चिरणे बरे.

राऊटर बाहेरच्या कडेवर घड्याळाच्या उलट्या दिशेने न्यावा, मखराच्या कमानीसारख्या आतील कडेवर सुलट. दिशा चुकली तर मिनिटाला सुमारे ३० हजार फेरे घेणारे पाते यंत्रालाच पुढे खेचते. एका दमात पूर्ण खोली कापण्याऐवजी दोन फेऱ्या माराव्यात. पाते एका जागी रेंगाळले तर कड जळते.

एमडीएफचा भुसा अतिशय बारीक असल्याने मास्क आणि चष्मा हवाच. अर्थात, दोन-चारच कडा असतील तर राऊटर काढण्याची तसदी कशाला? पॉलिश पेपर घासूनही तेवढी गोलाई येते.