जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलमधील चाप-यंत्रणेचे दोषनिदान : रेमिंग्टन ७०० चा अभ्यास

प्रस्तावना : चाप ओढल्याशिवाय बंदूक सुटत नाही, हा सर्वसामान्य समज आहे. त्यामुळे बंदूक आपोआप सुटली असे कोणी सांगितले, तर ते बहुधा स्वतःची चूक झाकण्याचे निमित्त मानले जाते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील रेमिंग्टन ७०० या शिकारी रायफलच्या जुन्या चाप-यंत्रणेची रचना, तिच्यातील दोष आणि तो ओळखण्याची पद्धत यांचा विचार केला आहे. तपासणीत दोष आढळला नाही म्हणजे तो नाहीच, असे अनुमान किती घातक ठरू शकते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

रचना : माइक वॉकर या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही यंत्रणा प्रथम १९४८ साली ७२१ व ७२२ या मॉडेलांत आली आणि १९६२ पासून मॉडेल ७०० मध्ये वापरली गेली. बोल्ट बंद केला की फायरिंग पिन ताणलेल्या स्प्रिंगसह मागे अडकून राहते. तिला अडवणाऱ्या तुकड्यास सीअर म्हणतात. सामान्य रचनेत सीअरला चापाचाच आधार असतो. वॉकरच्या रचनेत मात्र या दोहोंमध्ये कनेक्टर नावाची एक पातळ पोलादी पट्टी आहे. ही पट्टी चापाला कायमची जोडलेली नसून केवळ स्प्रिंगच्या दाबाने त्याला टेकलेली असते. चाप ओढला की पट्टी पुढे सरकते, सीअरचा आधार सुटतो, पिन काडतुसावर आदळते. चाप हलका आणि स्वच्छ सुटतो, म्हणूनच अचूक नेमबाजीसाठी या रायफलीची कीर्ती झाली. ती कीर्ती खोटी नव्हती.

दोषाचे मूळही याच पट्टीत आहे. प्रत्येक बाराच्या वेळी पट्टी चापापासून क्षणभर दूर जाते आणि मध्ये फट पडते. त्या फटीत धूळ, गंज किंवा जुन्या तेलाचा घट्ट झालेला थर शिरला, तर पट्टी पूर्ववत मागे येत नाही. सीअर तिच्या अगदी कडेवर टेकतो, किंवा टेकतच नाही. सुरक्षा-खटका लावल्यावर सीअर किंचित उचलला जातो. परंतु चाप अडवला जात नाही. त्या स्थितीत चापाला धक्का लागला आणि पट्टी पुढेच राहिली, तर पुढे खटका काढताच सीअर खाली येतो आणि बार उडतो. त्या क्षणी चापावर बोट नसते.

निदान : तपासणीपूर्वी काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने, दोन्ही प्रकारे, रिकामा असल्याची खात्री करावी. नंतर बोल्ट बंद करून खटका लावावा, चाप जोराने ओढून सोडावा आणि खटका काढावा. पिन पडता कामा नये. बोल्ट झटक्याने बंद करताना, त्याची मूठ वरखाली करताना आणि दस्त्यावर रबरी हातोडीचा हलका ठोका देतानाही ती पडू नये. ही क्रिया अनेकदा करावी. एकदा जरी पिन पडली, तरी रायफल वापरातून काढावी.

मात्र शंभर वेळा पिन पडली नाही, तर? येथेच खरी अडचण आहे. कचऱ्याचा कण तपासणीच्या धक्क्यानेच निघून जाऊ शकतो. प्रस्तुत लेखक भौतिकशास्त्राचा अध्यापक आहे. प्रयोगशाळेतील सैल जोडणीचे उपकरण दुरुस्ती करणारा आला की नेमके नीट चालू लागते, हा अनुभव कोणाला नाही? अशा वेळी दोष यंत्राकडून सरकून वापरणाऱ्याच्या माथी येतो. अपघात चुकीच्या हाताळणीमुळे, निगा न राखल्यामुळे किंवा यंत्रणेत फेरफार केल्यामुळे होतात, अशीच कंपनीची भूमिका राहिली. त्यात काही तथ्य होते : सीअरची पकड ठरवणारा मागचा स्क्रू फिरवून चाप हलका करणारे हौशी लोक कमी नाहीत. यंत्रणेत जाड तेल ओतणेही तितकेच चूक. ती द्रावकाने धुवून कोरडी ठेवावी लागते. तथापि स्वच्छतेने फट बुजत नाही. कनेक्टर नसलेली यंत्रणा बसवणे हाच खात्रीचा उपाय होय.

दुसरी एक बाब अधिक गंभीर आहे. १९८२ पर्यंतच्या रायफलींत खटका लावला की बोल्टही बंदिस्त होई. म्हणजे काडतूस काढण्यासाठी खटका आधी काढावाच लागे. सर्वाधिक धोक्याची कृती सुरक्षिततेसाठीच सक्तीची झाली होती. २००० साली मोंटाना राज्यात शिकारीहून परतलेली एक माता रायफल रिकामी करण्यासाठी खटका काढत असता बार उडाला. गोळी घोडे नेण्याच्या गाडीतून आरपार गेली आणि पलीकडे उभा असलेला तिचा नऊ वर्षांचा मुलगा दगावला.

कंपनीने २००६ च्या सुमारास कनेक्टरविरहित नवी यंत्रणा आणली. २०१४ मध्ये, जोडणीतील चिकट द्रव्य जास्त झाल्याने, तीही परत मागवावी लागली. जुन्या यंत्रणेविषयीच्या सामूहिक दाव्यातील तडजोडीस न्यायालयाने २०१७ साली मान्यता दिली. दोष मान्य न करता सुमारे ७५ लाख शस्त्रे तिच्या कक्षेत आली. दावा दाखल करण्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि त्याच वर्षी दुसऱ्या दिवाळखोरीत कंपनीची विभागवार विक्री झाली. त्यामुळे वडिलोपार्जित रायफल कपाटातून काढणाऱ्यास आता मूळ कंपनीकडे जाण्याचा मार्ग उरलेला नाही. चाप कोणत्या बनावटीचा आहे हे जाणकार शस्त्र-कारागिराकडून पाहून घेणे आणि तोवर तिच्यात काडतूस न भरणे, एवढेच त्याच्या हाती आहे.