रिव्हर्स लाइट: दिवसा लागते, रात्री रुसते

आजचा विषय छोटा आहे, पण मला तो चांगला महिनाभर पुरला. जुन्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीची रिव्हर्स लाइट.

गोष्ट डिसेंबरमधली. आमच्या दुर्गापुऱ्यात टोंक रोड सोडून आत वळलं की गल्ल्या अरुंद होत जातात आणि थंडीत सहाच्या सुमारास अंधार पडतो. मी गाडी हळूहळू, ब्रेकवर पाय ठेवून मागे घेत होतो. मागून भाजीवाल्याचा ठेला आला. त्याला लाल दिवे दिसत होते, म्हणजे गाडी उभी आहे असं समजून तो मागून निघाला. बंपर ठेल्याला लागला, मटार रस्त्यावर सांडले. खाली उतरल्यावर मी पाहिलं, ठेल्याच्या माझ्याकडच्या कडेला त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा उभा होता. बंपर आणि तो यांच्यात दीड हाताचं अंतर असेल.

"साहब, पीछे लेते हो तो बत्ती तो जलाओ," भाजीवाला म्हणाला. मी काय बोलणार? बत्ती दुरुस्त करून घेऊन आठच दिवस झाले होते. मटारचे पैसे दिले आणि घरी आलो.

आमची गाडी मारुती ८००. तिला मागे बघायला आरसे आणि आपली मान, बस. नव्या गाड्यांना १ जुलै २०१९ पासून मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, आपल्या जुन्या गाड्यांना ते नाहीत. मागच्या माणसाला "मी येतोय" हे सांगणारी एकच गोष्ट, तो पांढरा दिवा.

आता त्याची रचना बघू. अगदी सरळ आहे. बॅटरीचा करंट चावीच्या स्विचमधून फ्यूजला, तिथून गिअरबॉक्सला, तिथून मागच्या बल्बला आणि बल्बमधून गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला. गिअरबॉक्सच्या अंगावर एक छोटा स्विच पान्याने आवळलेला असतो. त्याच्या टोकाला गोळी किंवा पिन असते. रिव्हर्स पडला की आतला भाग ती पिन दाबतो आणि करंट पुढे जातो. दिवा म्हणजे साधा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब. तो पावणेदोन अँपिअर घेतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या मेकॅनिकने काय केलं? दिवा मंद लागतो म्हटल्यावर स्विच बदलला. रिव्हर्स टाकला, दिवा लागला, पैसे घेतले. दुपारचे बारा वाजले होते, उन्हात मंद काय आणि तेज काय, कुणाला कळतं? त्याच्यावर माझा राग नाही. जुन्या गाडीत हा स्विच जातो हे खरंच आहे. पण अंदाजाने पार्ट बदलणं आणि दोष शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी. फौजेत ड्रायव्हर रोज सकाळी फर्स्ट परेडला दिवे तपासायचा तेव्हा एक जण मागे उभा असायचा आणि ब्रेक, इंडिकेटर, सगळं लावून बघायचा. मी निवृत्त झाल्यावर मागे उभं राहणारा माणूस ठेवला नाही, एवढंच.

तर तुम्ही तपासणार असाल तर आधी चाकाला वीट लावा, हँडब्रेक ओढा. चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. रिव्हर्स टाका आणि मागे कुणाला तरी उभं करा.

एकाच बाजूचा दिवा लागत नसेल तर बल्ब किंवा त्याचा होल्डर. दोन्ही लागत नसतील तर फ्यूज बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत या फ्यूजवर आणखी काहीतरी चालतं, त्यामुळे सोबत दुसरंही काही बंद असेल तर शोध तिथेच संपला. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळेल.

फ्यूज ठीक असेल तर गिअरबॉक्सवरच्या स्विचचा कनेक्टर काढा आणि गाडीकडून येणाऱ्या दोन वायरी एकमेकींना जोडा. दिवा लागला तर दोष स्विचचा. नाही लागला तर स्विच विकत घेऊ नका, वायरिंग बघा. दोन मिनिटांची ही चाचणी पैसे वाचवते. आणखी एक खूण: गिअरचा दांडा हाताने जोरात दाबून धरला की दिवा लागतो, सोडला की जातो, तर लिंकेज झिजलेलं आहे आणि पिन पूर्ण दाबली जात नाही. स्विच काढायचा झाला तर खाली भांडं धरा, काही गाड्यांत तिथून गिअर ऑइल येतं. वॉशर नवा टाका.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, रिव्हर्स घेताना वाजणारं ते गाणं. (ज्याने पहिल्यांदा ते गाडीत बसवलं त्याला माझ्या गल्लीत रात्री अकराला झोपवायला हवं.) त्याची वायर रिव्हर्स लाइटच्या वायरला सोलून, पिळून, टेप गुंडाळून जोडलेली असते. रिव्हर्स कॅमेऱ्याचंही तेच. मे-जूनच्या आंधीची धूळ आणि त्यामागून आलेला पाऊस, त्या टेपखाली तांबं हिरवं पडतं. पण गाणं वाजतंय आणि दिवा नाही, तर फायदाच: फ्यूज आणि स्विच ठीक आहेत, दोष त्यापुढचा.

आता माझ्या गाडीकडे येतो. बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटर लावला, १२.४ व्होल्ट. उत्तम! तरी दिवा मंद. इथे चांगले चांगले फसतात, मीही फसलो. बल्ब काढला की करंटच वाहत नाही आणि करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवतो. एका तारेवर टांगलेला जोडसुद्धा. म्हणून बल्ब जागेवर ठेवून, दिवा चालू असताना मोजायचं.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून मागच्या होल्डरच्या अर्थपर्यंत लांब वायरने मीटर लावला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले अडीच व्होल्टच्या वर. मग पत्नीला म्हटलं, पार्किंग लाइट लाव आणि ब्रेक दाब. आकडा पाचाजवळ गेला आणि पांढरा दिवा विझायला आला.

उलगडा झाला. पूर्वी कधीतरी डेंटिंगच्या वेळी कुणीतरी मागच्या सगळ्या दिव्यांची अर्थ डिकीतल्या एकाच स्क्रूला बांधली होती, तीही रंगावर. रिव्हर्सचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर, ब्रेकचे दोन तेवढेच, वर टेललाइट. सगळा करंट त्या एका गंजक्या स्क्रूतून परत जायचा. दिवसा एकटा रिव्हर्स कसाबसा लागायचा. रात्री, ब्रेक दाबून मागे घेताना, म्हणजे नेमका हवा तेव्हा, तो बुडायचा. स्क्रूला बोट लावलं तर चटका बसला.

बॅटरीची निगेटिव्ह काढली, पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्रा काढला, नवी थिंबल, नवा स्क्रू, वरून थोडं ग्रीस. डाव्या बाजूची अर्थ वेगळ्या जागी नेली. खर्च चाळीस रुपये. मीटर आता पाव व्होल्टच्या आत.

एलईडी बल्ब टाकून हा प्रश्न मिटवू नका. तो कमी करंटवर लागतो, म्हणून खराब जोड झाकला जातो आणि ब्रेक लाइट तशीच मंद राहते.

रात्री आठला पत्नीला गल्लीत वीस पावलं मागे उभं केलं. टेललाइट लावले, ब्रेक दाबला, रिव्हर्स टाकला. ती म्हणाली, "दिसतंय, डोळ्यावर येतंय."