ग्रीक देवळाचा त्रिकोण

दुपाखी घराच्या आढ्याखाली भिंतीचा जो त्रिकोण उरतो, तो आमच्या घरी मातीने लिंपलेला आहे. ग्रीकांनी तोच त्रिकोण देवांना दिला. त्याला पेडिमेंट म्हणतात. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरात (इ. स. पूर्व ४४७-४३२) पूर्वेकडील त्रिकोणात अथेनादेवीच्या जन्माचा प्रसंग होता. शिल्पकाराची खरी अडचण कोपऱ्यांची! मध्यभागी उभी राहणारी मूर्ती तिथे मावणार कशी? म्हणून देवता क्रमाक्रमाने बसल्या, रेलल्या. एका टोकाला सूर्याचे घोडे वर येताहेत, तर दुसऱ्या टोकाला चंद्रदेवतेचा दमलेला घोडा खाली उतरतो आहे. आणखी नवल असे, की भिंतीकडच्या, खालून कोणालाही न दिसणाऱ्या पाठीसुद्धा मन लावून कोरल्या आहेत.

पुढे रोमन व युरोपीय वास्तुकारांनी हा त्रिकोण दारा-खिडक्यांवरही बसविला. तिथे मागे छप्पर नाहीच, नुसता अलंकार. मला तो जरा उपराच वाटतो.

मूळ मूर्तींपैकी बऱ्याच १८१६ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ग्रीस त्या परत मागतो आहे. तिथे त्या खाली मांडलेल्या असल्याने त्या पाठी आता कोणीही मागे जाऊन पाहू शकतो.