पत्रक शोधणाऱ्याच्या हाती यावे म्हणून

अमरावती-नागपूर महामार्गावरील नांदगाव पेठच्या परिसरात कपाशी, तूर, सोयाबीन व संत्रा ही पिके घेतली जातात. या पिकांविषयी माहितीचा आता तुटवडा नाही. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. नागपुरास कापूस व लिंबूवर्गीय फळे यांच्या केंद्रीय संशोधन संस्था आहेत. उणीव आहे ती मांडणीची. हवे ते पत्रक वेळेवर हाती येत नाही, आणि कीड तर कोणासाठी थांबत नाही.

पऱ्हाटीची पाने तांबडी पडू लागली की शेतकरी त्यास ‘लाल्या’ म्हणतो. त्याचे कारण एकच नसते. नत्र वा मॅग्नेशियम यांची कमतरता, जमिनीत ओल कमी पडणे किंवा पाणी साचून राहणे, रात्रीचे तापमान एकाएकी उतरणे, तुडतुड्यांचा उपद्रव, यांपैकी काहीही असू शकते. आता पत्रकाचा मथळा ‘कापूस पिकातील अन्नद्रव्य व्यवस्थापन’ असा असेल व आत ‘लाल्या’ हा शब्दच नसेल, तर ते पत्रक कितीही विद्वत्तापूर्ण असो, शेतकऱ्याच्या लेखी ते नाहीच. मथळा ‘कपाशीवरील लाल्या : कारणे व उपाय’ असा द्यावा. शास्त्रीय संज्ञा त्यानंतर यावी, आणि तुडतुड्यांचे पत्रक कोठे पाहावे हेही तेथेच नमूद करावे.

मोबाइलवरील शोधयंत्राचे काम ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखेच चालते. कोणता शब्द कोणत्या पानावर आला, याची नोंद ते आधीच करून ठेवते. मथळ्यातील शब्दांना त्यात विशेष महत्त्व मिळते. छायाचित्र काढून ठेवलेल्या पत्रकातील अक्षरे यंत्रास नीट वाचता येतीलच असे नाही. जुन्या टंकांत तर मराठी अक्षराच्या जागी यंत्रात रोमन अक्षर साठवलेले असते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणल्याखेरीज सापडणे कठीण. मात्र यंत्रासाठी म्हणून एकच शब्द वाक्यावाक्यात घुसडू नये. वाचक कंटाळतो, आणि यंत्रासही ही लबाडी कळू लागली आहे.

वर्गवारी पीकवार व त्याखाली हंगामवार असावी. संत्र्याखाली आंबिया बहार, मृग बहार, डिंक्या असे विभाग पाडल्यास बागाइतदार नेमका तेथे पोहोचतो. योजनेच्या नावाने लावलेली पत्रके कार्यालयासच सोयीची. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविणे हे एक सूत्र आहे. ग्रामपंचायतीतील कपाटासही ते लागू पडते.

सर्वांत जपावयाचे ते जुन्या पत्रकांस. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. तत्पूर्वीच्या पत्रकांत त्याची शिफारस आढळणे शक्य आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून प्रत्येक पत्रकावर प्रसिद्धीचा महिना व वर्ष ठळक असावे. कालबाह्य पत्रकावर ‘रद्द’ असे लिहून नवे पत्रक कोठे मिळेल ते दर्शवावे. एकाच किडीवर तीन वर्षांची तीन पत्रके असतील, तर ती तपासून त्यांचे एकच अद्ययावत पत्रक करावे. हे काम कृषी सहायकाने पेरणीपूर्वी, मे महिन्यात उरकावे. जूननंतर त्यास सवड मिळत नाही.