चौकोनी खिडक्यांचं विमान

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये एक फाटका पत्रा जपून ठेवलाय. आपल्याकडे असता, तर कधीच भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेला असता! पण हा पत्रा आहे कॉमेट विमानाच्या छपराचा, आणि त्यानं विमानं बांधणाऱ्यांना जे शिकवलं, ते धड विमानांनाही शिकवता आलं नाही.

कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीनं ते बांधलं. २७ जुलै १९४९ ला हॅटफिल्डहून ते पहिल्यांदा उडालं. गंमत म्हणजे त्या दिवशी कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांचा वाढदिवस होता आणि विमान उडवणाऱ्या जॉन कनिंगहॅम यांचाही! मे १९५२ पासून ते लंडनहून जोहान्सबर्गला प्रवासी नेऊ लागलं. पंख्याची विमानं ढगांमधून हेलकावे खात जायची. कॉमेट जायचं ३५,००० फुटांवरून, बहुतेक ढग खाली टाकून.

एवढ्या उंचीवर हवा फार विरळ असते. म्हणून विमानात हवा दाबून भरावी लागते. वर गेलं की विमान किंचित फुगतं, खाली आलं की पुन्हा होतं तसं होतं. आपल्याला ते दिसत नाही, पण पत्र्याला ताण बसतो. प्रत्येक फेरीला.

१० जानेवारी १९५४ ला रोमहून निघालेलं एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटलं. ३५ माणसं गेली. विमानं थांबवली, बऱ्याच सुधारणा केल्या, पण खरं कारण हाती लागण्याआधीच ती पुन्हा उडवली. ही घाई मला तरी अजून कळलेली नाही. ८ एप्रिलला दुसरं कॉमेट नेपल्सजवळ पडलं. आणखी २१ माणसं गेली.

मग मात्र शास्त्रज्ञ हात धुऊन मागे लागले. नौदलानं पाण्याखाली टीव्ही कॅमेरे सोडून समुद्राच्या तळाशी गेलेले एल्बाच्या विमानाचे तुकडे हुडकले. फार्नबरोच्या संशोधन केंद्रात ते तुकडे लाकडी सांगाड्यावर ज्याच्या त्याच्या जागी लावले. शेजारी एक भलामोठा हौद बांधला आणि त्यात दुसरं एक कॉमेट चक्क बुडवलं! पंख तेवढे बाहेर. विमानाच्या आत-बाहेर पाणीच पाणी. पंपानं आतला दाब वाढवायचा, कमी करायचा, की झाली एक 'फेरी'. हे रात्रंदिवस चाललं.

पाणीच का? कोंडलेली हवा सुटली की स्फोट होतो. विमानाच्या चिंधड्या उडाल्या असत्या आणि चीर नेमकी कुठून सुरू झाली, ते कळलंच नसतं. पाणी दाबलं तरी फारसं आकसत नाही. त्यामुळे पत्रा फाटतो, पण बाकी सगळं जागच्या जागी राहतं.

खऱ्या आणि हौदातल्या मिळून ३,०५७ फेऱ्या झाल्या आणि विमान फाटलं. चीर सुरू झाली होती एका खिडकीच्या कोपऱ्यापाशी. स्टेपलरची एक पिन सरळ करा आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. पहिल्यांदा काही होत नाही, पण थोड्या वेळानं कट्! यालाच धातूचा थकवा म्हणतात. कोपऱ्यात ताण गोळा होतो, म्हणून पत्रा तिथं आधी थकतो.

चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं, असं पुष्कळ ठिकाणी एका वाक्यात उरकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. त्या खिडक्यांचे कोपरे थोडे गोलसर होतेच. शिवाय एल्बाच्या विमानातली चीर प्रवाशांच्या खिडकीत नव्हे, तर छपरावर अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यात सुरू झाली होती. तोच हा सायन्स म्युझियममधला पत्रा!

आता एक पेच बघा. पहिल्या पिढीचं एकच अख्खं कॉमेट उरलंय, कॉस्फर्डच्या संग्रहालयात. पण अपघातांनंतर त्याच्या खिडक्या बदलल्या. मग मूळ चौकोनी खिडक्या पाहायच्या कुठं? लंडन कोलनी गावात डी हॅविलंड संग्रहालय आहे. तिथं एअर फ्रान्सच्या कॉमेटचं नुसतं धड आहे, ना पंख ना इंजिनं. स्वयंसेवकांनी वेळ काढून ते पुन्हा उभं केलं. मूळ खिडक्यांचं तेवढं एकच धड जगात शिल्लक आहे. चकचकीत अख्ख्या विमानापेक्षा मला हे बिनपंखाचं धड जास्त मोलाचं वाटतं. चीर जिथून सुरू झाली, तसे कोपरे त्याच्यावर आहेत ना!

कॉमेट संपलं मात्र नाही. नव्या, गोल खिडक्यांच्या कॉमेटनं ऑक्टोबर १९५८ मध्ये प्रवाशांना अटलांटिक पार नेलं. त्याच्यावरूनच बांधलेलं निमरॉड नावाचं टेहळणी विमान ब्रिटिश हवाई दलात २०११ पर्यंत होतं.

कधी विमानात बसलात, तर खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला एक बारीकसं भोक दिसेल. घाबरू नका, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. कशासाठी, ते शोधा आणि आम्हाला पत्रानं कळवा.