गोठ्यातली बाटली आणि कुत्र्याची कातडी

माण, खटाव, आटपाडी आणि जत या साताऱ्या-सांगलीच्या कमी पावसाच्या तालुक्यांत कुत्रा हा मेंढरांच्या वाड्याचा राखणदार असतो. गुरे, मेंढरे आणि कुत्री एकाच आवारात वावरत असल्यामुळे गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली पुष्कळदा कुत्र्यासाठीही उघडली जाते. गोचीड मारणे आवश्यकच असते, कारण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिता पिता एर्लिकिओसिससारख्या जीवघेण्या तापाचे जंतू सोडते. अपाय बहुधा मात्रेतून होतो.

गोठ्यात वापरले जाणारे अमिट्राझ हे औषध साडेबारा टक्के तीव्रतेचे मिळते आणि ते लिटरभर पाण्यात २ मिलिलिटर, म्हणजे पाचशेपट पातळ करून लावायचे असते. साहजिकच अंदाजाने ओतलेले एक झाकणदेखील लहान पिलाला भारी पडू शकते. मेंदूतील व रक्तवाहिन्यांवरील ज्या ग्राहकांना, म्हणजे रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, ‘अल्फा-२’ म्हणतात, त्यांना हे द्रव्य चेतवते, आणि त्यामुळे कुत्रा सुस्तावतो, हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडते आणि रक्तातील साखर वाढते. कुत्रा नुसता झोपला आहे असे वाटून घरचे निर्धास्त राहतात, हा या विषबाधेतील सर्वांत मोठा धोका होय.

सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये याच्या उलट वागतात: चेतातंतूंवरील सोडियमची दारे ती उघडीच ठेवतात, म्हणून आधी कातडीला झिणझिण्या येतात, आणि मात्रा जास्त झाल्यास थरथर व झटके सुरू होतात. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. शिवाय कुत्रा अंग चाटतो, त्यामुळे लावलेले औषध पोटातही जाते.

मानेवर थेंब टाकून वापरायची तयार औषधेही पूर्णतः निर्धोक नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे २००८ मध्ये पाळीव प्राण्यांवरील अशा औषधांविषयी सुमारे ४४,००० तक्रारी आल्या, आणि २०१० मध्ये जाहीर झालेल्या छाननीत लहान चणीच्या कुत्र्यांना अपाय अधिक होत असल्याचे आढळले. मोठ्या कुत्र्याची नळी लहान कुत्र्याला अर्धी वापरणे ही काटकसर म्हणूनच घातक ठरते. दख्खनच्या कारवानी कुत्र्याच्या अंगावर चरबी फारच थोडी असते आणि त्याच्याच सडपातळ शिकारी घडणीच्या ग्रेहाउंडमध्ये काही भुलीची औषधे सावकाश विघटित होतात. तेव्हा त्याचे वजन नजरेने न ठरवता काट्यावरच घेतलेले बरे.

औषध लावल्यानंतर लाळ, थरथर किंवा गुंगी दिसली, तर कुत्रा शुद्धीवर असल्यास कोमट पाण्याने व भांडी घासण्याच्या साबणाने अंग धुवावे, उलटी करवू नये, आणि मूळ बाटलीसह त्याला दवाखान्यात न्यावे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकावर अ‍ॅट्रोपिन हे उतारा ठरते, पायरेथ्रॉइडला नेमका उतारा नाही, तर अमिट्राझवर अ‍ॅटिपामेझोल किंवा योहिम्बिन देतात. ठोके मंदावलेले पाहून अमिट्राझबाधित कुत्र्याला अ‍ॅट्रोपिन दिले गेले, तर रक्तदाब चढून आतड्यांची मंदावलेली हालचाल आणखी खुंटू शकते, म्हणून बाटलीवरील नाव डॉक्टरांना सर्वांत आधी दाखवावे.